श्वास मोजू या

थंडीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत लहान मुलांना सर्दी-खोकला होतोच. बहुतेक मुले चार-आठ दिवसांत आपोआप बरी होतात. थोड्यांना मात्र न्यूमोनिया होतो आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर त्यात जीवही जातो. सुरुवात दोन्हींची सारखीच. मग वाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या नर्सबाईंनी फरक ओळखायचा कसा? त्यांच्याजवळ ना क्ष-किरण यंत्र, ना प्रयोगशाळा. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना त्यासाठी एक साधी गोष्ट शिकवतात : मुलाचे श्वास मोजायचे.

श्वासांवरून फुप्फुसांची स्थिती कशी कळते? फुप्फुसांत हवेने भरलेले असंख्य सूक्ष्म वायुकोश असतात. न्यूमोनियात जंतुसंसर्गामुळे त्यांपैकी काहींत द्रव साचतो. फुप्फुस ताठर होते, नीट फुगत नाही. प्रत्येक श्वासात कमी हवा आत येते आणि ऑक्सिजन कमी पडू लागतो. ही तूट भरून काढायला शरीराजवळ एक सोपा उपाय असतो, श्वासांची संख्या वाढवणे. साध्या सर्दीत नाक चोंदते, पण वायुकोश मोकळेच असतात. म्हणून श्वासाचा वेग सहसा फारसा वाढत नाही.

पण 'जलद' म्हणजे किती? मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. तान्ह्या बाळाचे मुळातच जास्त. म्हणून वयानुसार मर्यादा ठरवल्या आहेत. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. या मर्यादांमागे पापुआ न्यू गिनी आणि आपल्याकडील वेल्लोर येथे १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासांचा आधार आहे. मर्यादा खाली आणली तर साध्या सर्दीच्या मुलांनाही विनाकारण प्रतिजैविके दिली जातील. वर नेली तर खरे आजारी मूल सुटेल. म्हणजे हा आकडा दोन चुकांमधला तोल आहे.

मोजण्याची रीतही महत्त्वाची. मूल शांत हवे. रडताना, दूध पिताना मोजू नये. आईच्या मांडीवरच असू द्यावे, सदरा वर करून पोटाची हालचाल पाहावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर का चालत नाही? एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. शिवाय तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो. म्हणून त्याचे श्वास ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजतात.

आणखी एक खूण पाहतात. निरोगी मूल श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. ताठर फुप्फुसात हवा ओढायला फार जोर लागतो, तेव्हा छातीचा खालचा भाग आत खेचला जातो. असे मूल, दोन महिन्यांच्या आतील जलद श्वासाचे बाळ, किंवा पिऊ न शकणारे, गुंगीत असणारे, झटके येणारे मूल लगेच दवाखान्यात न्यायला हवे.

एवढ्याशा ज्ञानाने काय साधते? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना व दायांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाने होणारे मृत्यू तेथे हजारी ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. शिकलेले नसल्याने अडू नये म्हणून त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेला श्वासमापकही बनवला. आज बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारे यंत्र अनेक ठिकाणी पोचले आहे, तरी श्वास मोजणे सुटलेले नाही.

हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. जोड्या करून एकमेकांचे श्वास मिनिटभर मोजा. एकदा जोडीदाराला सांगून आणि एकदा तो वाचनात गढलेला असताना. दोन आकडे सारखे येतात का? नसतील तर का, यावर चर्चा करा. मग मुलांना घरच्या झोपलेल्या लहान भावंडाचे श्वास मोजून आणायला सांगा. वय आणि श्वास यांचा तक्ता फळ्यावर मांडला, की वरच्या मर्यादा वेगवेगळ्या का, हे सांगावे लागणार नाही. आणि पुढे घरात कुणाला खोकला झाला, तर घड्याळ घेऊन बसणारे कुणीतरी त्या घरात असेल.