अप्पांची वही

गेल्या डिसेंबरात बेसमेंट आवरताना रोहनच्या हाती एक काळा डबा लागला. व्हीसीआरपेक्षा लहान, पुढे एक छोटा दिवा, मागे टेलिफोनची वायर लावायची जागा.

"आई, हा कुठला केबल बॉक्स?"

"केबल बॉक्स नाही रे. अप्पाआजोबांचं इंटरनेट आहे ते."

आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकात इथे आले, त्यांना 'वेबटीव्ही' आठवत असेल. स्टीव्ह पर्लमन, ब्रूस लीक आणि फिल गोल्डमन या तिघांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत ही कंपनी काढली. सप्टेंबर १९९६ मध्ये सोनी आणि फिलिप्सने बनवलेले बॉक्स दुकानांत आले. घरात कॉम्प्युटर नको. बॉक्स टीव्हीला जोडायचा, फोनची वायर लावायची आणि महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट भरायचे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ४२५ दशलक्ष डॉलर मोजून ही कंपनी विकत घेतली. पुढे जगभरच्या फोनांत शिरलेलं 'अँड्रॉइड' ज्यांच्या नावाशी जोडलं जातं, ते अँडी रुबिनही काही काळ इथेच काम करत होते.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, १९९८ मध्ये कायमचे आमच्याकडे एडिसनला राहायला आले. पुण्यात टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजवर, त्यांची सगळी नोकरी झाली होती. सासूबाई गेल्या होत्या. आम्ही दोघं कामावर, रोहन शाळेत, आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही असा हा देश. त्यांना मराठी वर्तमानपत्रं वाचता यावीत म्हणून आम्ही बॉक्स आणला, पण तो बेत पहिल्याच दिवशी फसला. तेव्हाच्या मराठी साइट्स आपापले फाँट वापरत. कॉम्प्युटरवर तो फाँट उतरवून घेता येई. बॉक्सवर तशी सोयच नव्हती. पडद्यावर प्रश्नचिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा भुसा. मला वाटलं, अप्पा आता हा डबा परत करायला सांगणार. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "हा फोन नक्की कुणाला लावतो गं?"

तिथून सगळं सुरू झालं.

मोडेमची कर्कश किरकिर आपल्याला नकोशी वाटायची. अप्पा मात्र टीव्हीसमोर पुढे वाकून ती कान देऊन ऐकत. आठवड्याभरात त्यांनी मला समजावलं की बॉक्स आधी कंपनीच्या १-८०० नंबरला फोन करतो. फोन कुठल्या नंबरवरून आला ते तिथल्या यंत्राला कळतं, त्यावरून आपला गाव कळतो, आणि मग ते बॉक्सला जवळच्या लोकल नंबरांची यादी आणि फोन कसा लावायचा याची लेखी कृती पाठवतं. त्या कृतीचं नाव 'टेलीस्क्रिप्ट'. ती मिळाली की बॉक्स फोन ठेवतो आणि लोकल नंबर लावतो. "आमच्या एक्स्चेंजवर हेच काम चार माणसं करायची," अप्पा म्हणाले.

बॉक्सच्या पोटात फारसं काही नव्हतं. ११२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ एमबी मेमरी, ३३.६ केबीपीएसचा मोडेम. हार्ड डिस्क नव्हतीच. अवजड काम पलीकडे व्हायचं. आपण मागितलेलं पान आधी कंपनीचा सर्व्हर घ्यायचा, त्यातली चित्रं टीव्हीला झेपतील अशी लहान करायचा आणि मग बॉक्सकडे पाठवायचा. पानाची रुंदी ठरलेली, ५४४ ठिपके. पत्रंही सगळी सर्व्हरवरच. बॉक्स दिवसातून एकदा स्वतःच फोन करून पत्र आलंय का ते पाहायचा आणि आलं असलं तर पुढचा दिवा लावायचा. अप्पा सकाळी चहाच्या आधी तो दिवा पाहत.

आणखी एक गंमत म्हणजे, या बॉक्सचं सांकेतिक कुलूप इतकं भक्कम होतं, १२८ बिटांचं, की सुरुवातीला अमेरिकी निर्यात नियमांनुसार तो युद्धसामग्रीत मोडत होता. परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नसे. पुण्याला फोन झाला की अप्पा हमखास सांगायचे, "इथे दिवाणखान्यात दारूगोळा घेऊन बसलोय."

हळूहळू त्यांना समजलं की हा बॉक्स आतून कसा चालतो हे शोधणारे आपण एकटे नाही. देशभर अशी माणसं विखुरलेली होती. शाळकरी मुलं, अपंगत्वामुळे घरी असलेले लोक, ओहायोतल्या एक निवृत्त बाई, एक ट्रक ड्रायव्हर. बहुतेकांकडे कॉम्प्युटर नव्हता, जे काही शोधायचं ते याच बॉक्सवरून. त्यांची पत्रं अप्पांना येऊ लागली.

ही मंडळी शोधत काय होती? नेहमीच्या वेबसाइटचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो. कंपनीच्या स्वतःच्या पानांचे पत्ते मात्र 'डब्ल्यूटीव्ही' या अक्षरांनी सुरू व्हायचे, आणि बॉक्सच्या आत दडलेल्या पानांचे 'क्लायंट' या शब्दाने. त्यांतली काही पानं रोजच्या वापराची, तर काही फक्त इंजिनिअरांसाठी, चाचणीची. एकाचं तर नावच 'ट्रिक्स'. यातले काही पत्ते सरळ टाइप केले तर बॉक्स नकार द्यायचा. मग ही मंडळी आडवाट शोधायची. वाट सापडली की एकमेकांना कळवायची. कंपनीला कळलं की ती फट बुजायची, आणि दुसरीचा शोध सुरू व्हायचा.

काही आकडेही होते. बॉक्स बंद असताना कीबोर्डवर ३२७६८ टाकून मग तो चालू केला, तर नेहमीच्या पानाऐवजी जोडणीचं गुप्त पान उघडायचं. हा आकडा मनाने घेतलेला नाही, २ चा १५ वा घात आहे. तो सापडला त्या दिवशी अप्पांनी मला ऑफिसात फोन केला. मला वाटलं, घरात काहीतरी झालं. "काही नाही, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट," एवढंच म्हणाले आणि हसत सुटले.

हे सगळं ते दोनशेपानी वहीत लिहून ठेवत. डावीकडे पत्ता किंवा आकडा, उजवीकडे काय झालं ते. 'चालतो.' 'चालत नाही.' 'कालपर्यंत चालत होता.' पहिल्या पानावर श्री, आणि खाली ठळक अक्षरांत 'फक्त स्वतःच्या यंत्रावर'. ही ओळ त्यांनी स्वतःसाठी घातली होती. या छंदात दुसऱ्याच्या यंत्राशी खेळणारेही होते, आणि अप्पा त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवत नसत.

फेब्रुवारी २००४ मध्ये मी एक बातमी वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. तोवर वेबटीव्हीचं नाव 'एमएसएन टीव्ही' झालं होतं. लुइझियानातल्या एका माणसाला अटक झाली होती. जुलै २००२ मध्ये त्याने या सेवेच्या काही ग्राहकांना पत्रं पाठवली होती. वरवर पाहता ती टीव्हीवरचे रंग बदलायची सोय होती. प्रत्यक्षात जोडलेली फाइल उघडली की बॉक्समधला लोकल नंबर बदलून तिथे ९११ यायचा. पुढच्या वेळी बॉक्स इंटरनेटसाठी फोन करायचा तो थेट पोलिसांच्या मदतकेंद्राला. सुमारे २० लोक यात सापडले, आणि त्यांच्यापैकी काहींच्या दारात खरोखरच पोलीस येऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी त्या माणसाला सहा महिन्यांची कैद झाली.

टेलीस्क्रिप्ट, लोकल नंबर, बॉक्सची आतली पानं... हे सगळे शब्द मी आमच्या दिवाणखान्यात रोज ऐकत होते. आमचं ग्रीन कार्ड अजून हाती आलं नव्हतं. २००१ नंतरचे ते दिवस. सावळ्या रंगाच्या माणसाने विमानतळावर बॅग जरा जोरात ठेवली तरी लोक वळून पाहत. मी ती बातमी अप्पांपुढे ठेवली आणि म्हणाले, "अप्पा, हे उद्योग आता पुरे. आपण इथे पाहुणे आहोत."

त्यांनी बातमी शांतपणे वाचली. "याने चोरी केली," म्हणाले. "मी कुणाच्या घरात शिरलो नाही गं." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ते आत गेले, वही आणली आणि माझ्या हातात दिली. "तूच ठेव."

ती मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली. त्यानंतर बॉक्सवर त्यांनी फक्त पत्रं वाचली. ओहायोच्या बाईंची पत्रं येत राहिली, पण आकड्यांविषयीचं बोलणं घरात बंद झालं. २००६ मध्ये अप्पा गेले. महिन्याभराने मीच फोन करून वर्गणी बंद केली. बॉक्स घरातच होता, म्हणून पत्रंही घरातच आहेत असं मी धरून चालले. अप्पांनी बॉक्सची रचना मला दहादा समजावली होती, तरीही. आठ वर्षांची पत्रं, पुण्यातल्या मित्रांना रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, सगळं त्या एका फोनबरोबर गेलं. चूक माझीच.

३० सप्टेंबर २०१३ ला ती सेवाही कायमची बंद झाली. देशभरातल्या असल्या बॉक्सना फोन लावायला कुणी उरलं नाही.

हे सगळं मी डिसेंबरात रोहनला सांगितलं, वहीही दाखवली. ती घेऊन तो दोन दिवस खोलीत बसला. बाहेर आला तो नवीनच बातमी घेऊन. हे बॉक्स परत चालू करणारी माणसं आज आहेत. बॉक्स आणि सर्व्हर एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलत, ती त्यांनी उलगडली आहे. ती बरीचशी वेबच्या भाषेसारखीच आहे. अवघड होतं ते ओळख पटवणं. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा, तसंच. फरक इतकाच की इथे शब्द तोंडाने उच्चारायचा नाही. सर्व्हर एक कोडं पाठवतो, बॉक्स आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने ते सोडवून उत्तर देतो. हे कोडंही या मंडळींनी सोडवलं. जुन्या बॉक्सच्या चिप आणि नंतरच्या मॉडेलांच्या हार्ड डिस्क वाचून त्यांनी सेवेची पानं गोळा केली आणि स्वतःचे सर्व्हर लिहिले. अप्पांसारखे लोक जे 'चालतो, चालत नाही' लिहीत बसले होते, त्याच जातीच्या कामाचा हा पुढचा अध्याय.

आमच्याकडे आता लँडलाइन नाही. रोहनने तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणि एक जुना मोडेम आणून त्यांना टेलिफोन एक्स्चेंजचं सोंग दिलं. बॉक्सने रिसीव्हर उचलला की हा कॉम्प्युटर त्याला डायल टोन ऐकवतो, आणि नंबर फिरवला की फोन उचलतो. अमेरिकेत वाढलेला नातू आजोबांची नोकरी करत होता.

नाताळच्या सुट्टीत बॉक्स टीव्हीला जोडला. वही माझ्या मांडीवर. सुरू करण्याआधी मी म्हणाले, "थांब, आधी बत्तीस हजार सातशे अडुसष्ट टाक."

जोडणीचं ते पान उघडलं, अप्पांनी वहीत लिहिलं होतं तसंच. ते सर्व्हरवर नव्हतंच कधी, बॉक्सच्या आत होतं, म्हणून राहिलं. पत्रं दुसऱ्याच्या घरी होती, म्हणून गेली. नंतर किरकिर झाली, जोडणी लागली आणि मुख्य पान आलं. बॉक्सने नवीन ग्राहकासारखं नाव विचारलं. अप्पांचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांची पत्रं, फोटो, आवाज आज अशाच कुठल्यातरी सेवेवर आहेत. वर्गणी बंद करायचा फोन करण्याआधी ते घरी उतरवून घ्या, जमलं तर कागदावरही. आणि घरात कुणी म्हातारं माणूस एखादं यंत्र खोलून बसलं असेल, तर घाबरण्याआधी त्याने काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचा. मी वीस वर्षं उशिरा वाचलं.

त्या रात्री रोहनने खात्याला आजोबांचं नाव दिलं आणि त्यावर एक पत्र पाठवलं. पुढचा दिवा लागला. मी वही उघडली. शेवटची नोंद फेब्रुवारी २००४ ची होती. तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली, डावीकडे ३२७६८ लिहिलं, आणि उजवीकडे 'चालतो.'