रिकाम्या हाताने रानात

बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावी गेलो. आईला शुगर आहे. ऊन चढण्याआधी, पहाटेच, तिला घेऊन रानात निघालो. वाटेत ती म्हणाली, “तेंदूपत्ता तोडाले आली, मोळी आणाले आली. रिकाम्या हातानं आजच आली.”

तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. निरोगीपणा आणि अन्नपचन त्यांतच येतात. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टीचा कायदा झाला. पानं तोडणाऱ्या आईला सुट्टी कुठली?

आठवड्याला निदान १५० मिनिटे चालावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी निघू नये, साखरेची पुडी जवळ ठेवावी. अनवाणी तर मुळीच जाऊ नये. बधिर पायाला काटा कळत नाही.

दुपारी आई निवांत झोपली. भांडी मी घासली.