आधी पत्ता, मग घर

पत्र इच्छित स्थळी पोहोचते ते पत्त्यामुळे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. सिल्वासाचा पिनकोड ३९६२३०. यांपैकी ३९६ हे अंक वापी व दमण यांच्याही वाट्यास आले आहेत. सिल्वासा ओळखू येते ते शेवटच्या २३० मुळे.

संगणकावरील वेब-ॲप्लिकेशनमध्येही अशीच व्यवस्था असते. आलेली विनंती कोणत्या 'कंट्रोलर'कडे व त्याच्या कोणत्या कामाकडे, म्हणजे 'ॲक्शन'कडे, पाठवावयाची याची यादी 'रूट्स'च्या फाईलमध्ये लिहिलेली असते. 'रूबी ऑन रेल्स' शिकणारा विद्यार्थी कंट्रोलरची चाचणी घेऊ लागला की 'नो रूट मॅचेस' हा संदेश त्यास हमखास भेटतो. मग तो गोंधळून कंट्रोलरमधील बिनचूक मजकूर बदलू लागतो. वस्तुतः विनंती तेथवर पोहोचलेलीच नसते!

अशा वेळी काय करावे? प्रथम 'रेल्स रूट्स' ही आज्ञा देऊन यादी पाहावी. आपली ॲक्शन तीत नसेल, तर रूट लिहावयाचा राहिला आहे. असेल, तर संदेशाचा शेवट वाचावा. तेथे 'मिसिंग रिक्वायर्ड कीज' यापुढे 'आयडी' दिसल्यास, कोणती पावती दाखवावयाची तिचा क्रमांक चाचणीने दिलेला नाही असे समजावे. म्हणजे ३९६ लिहिले, २३० राहिले. पावतीचा रूट विद्यार्थ्याच्या रूटच्या पोटात असेल, तर विद्यार्थ्याचा क्रमांकही द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीची कंट्रोलर-चाचणी ॲक्शनला थेट नावाने हाक मारते. विनंती 'गेट' आहे की 'पोस्ट', हे ती पडताळत नाही. त्यामुळे चाचणी उत्तीर्ण, पण अर्ज भरणाऱ्यास दार बंद, असे घडू शकते. तो अर्ज शिष्यवृत्तीचा असेल आणि दिवस अखेरचा असेल, तर एखाद्याचे वर्ष वाया जावयाचे! २०१६ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून रेल्सने 'इंटिग्रेशन' पद्धतीच्या चाचणीचा पुरस्कार केला. ती पूर्ण पत्ता लिहून, रूटच्या वाटेनेच विनंती पाठविते.

तात्पर्य, रूट जुळत नाही असे संगणक म्हणाला, तर कंट्रोलरला हात लावण्यापूर्वी पत्ता तपासावा. निम्मे श्रम तेथेच वाचतात.