तळ ठोकून बसलेत मिशीवाले!

टँक नवा, वर गप्पींचा नाच, मध्ये निऑन टेट्रांची लखलख, आणि तळ रिकामा? असं कसं चालेल! फ्रेश वॉटर कम्युनिटी टँकची खरी धमाल खालच्या दोन इंचांत असते. फक्त तिथे कोणाला आणायचं, ते आधी ठरवा. तळाच्या मंडळींत गरीब गायी आहेत, गुंड आहेत आणि शेजाऱ्याच्या अंगाला चिकटणारे महाभागही आहेत. चला, एकेकाला भेटू या!

डोळा मारतो, डोळा!
माहीत आहे का? कोरीडोरास, म्हणजे सगळ्यांचा लाडका ‘कोरी’, चक्क डोळा मारतो! त्याला पापणी नाही. तो अख्खा डोळाच खोबणीत झटकन खाली फिरवतो. काचेसमोर बसा, पाच मिनिटांत तुम्हालाही इशारा मिळेल.

चिलखतवाला बच्चा
कोरीच्या अंगावर खवले नसतात, हाडांच्या पट्ट्या असतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन रांगा! घाबरला की पंखांचे काटे ताठ करून ‘लॉक’ करतो. म्हणून जाळीत पकडताना जपून. काटे अडकले तर ओढाओढ नको.

आतड्याने श्वास
कोरी मध्येच रॉकेटसारखा वर सुटतो, हवेचा घोट घेतो आणि परत खाली. ही हवा जाते कुठे? आतड्यात! ऑक्सिजन तिथूनच शोषला जातो. त्यामुळे टँक झाकणापर्यंत भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. पण सगळेच कोरी सारखे वर पळत असतील तर पाणी तपासा.

वाळू आत, वाळू बाहेर
आता जरा वाकून बघा. कोरी तोंड वाळूत खुपसतो, अगदी डोळ्यांपर्यंत. मिशा चाचपत असतात, काहीतरी सापडतं, आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार बाहेर पडते. तळाला टोकदार खडी असेल तर हा खेळ बंद! वर घाणही साचली, तर मिशा झिजतात. म्हणून कोरी हवा असेल तर बारीक, गुळगुळीत वाळू मस्ट.

सहा म्हणजे सहाच
एक कोरी म्हणजे उदास कोरी. किमान सहा आणा, आणि तेही एकाच जातीचे. दोन पांडा, दोन ब्रॉन्झ, दोन पेपर्ड असं मिक्स्ड फरसाण नको. प्रत्येकाला आपल्यासारखाच दोस्त लागतो.

पाऊस आला, अंडी घाला!
माहीत आहे का? टँकमध्ये थोडं गार पाणी बदललं की कोरींना वाटतं, पावसाळा आला! मग मादी पोटाखालच्या पंखांची ओंजळ करते, त्यात अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. हा लाइव्ह शो, तिकीट फ्री.

पट्टेरी शेवया
कुली लोच! पिवळे-काळे पट्टे, साप वाटावा असं अंग, आणि स्वभाव एकदम गोड. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हाइनरिश कूल यांचं नाव त्याला मिळालं. कूल १८२१ मध्ये जावा बेटावर वारले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. कुली दिवसा लपतात, लाइट गेला की बाहेर येतात. पाच-सहा जण ठेवा, लपायला जागा द्या, आणि फिल्टरच्या पाइपला जाळी लावा. नाहीतर स्वारी फिल्टरमध्ये सापडेल!

टँकमधलं हवामान खातं
वेदर लोच वादळाआधी बेचैन होतो, कारण हवेचा दाब बदलला की त्याला जाणवतं. भारी ना? पण तो चांगला वीतभर वाढतो आणि त्याला गार पाणी लागतं. हीटरवाल्या टँकमध्ये त्याला नो एंट्री.

आपला कृष्णाकाठचा!
झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, जगभरच्या टँकमध्ये मिरवतो. गाव कुठलं? पश्चिम घाट, कृष्णेचं खोरं! शांत आहे, गोगलगायी मटकावतो. पण आययूसीएनच्या यादीत तो धोक्यात आलेला मासा आहे, आणि बाजारात येणारे बहुतेक नदीतून पकडलेले असतात. त्यामुळे त्याच्यावर प्रेम करा, पण लांबूनच.

देवळाच्या तळ्यातला व्हीआयपी
२०२० मध्ये आंबोलीत शिस्टुरा हिरण्यकेशी ही लोचची नवी जात जगासमोर आली. २०२१ मध्ये तिचं घर जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. हा मासा टँकसाठी नाहीच. नाव ऐकून कॉलर ताठ करा, बस्स!

बेबी सकर, बाप रे सकर!
दुकानात बोटाएवढा सकर ‘टँक साफ ठेवतो’ म्हणून विकला जातो. मोठा झाला की फूटभर, कधी त्याहून जास्त! आणि घाण साफ करतो? छे! विष्ठा कोणताच मासा साफ करत नाही, उलट सकर स्वतःच भरपूर करतो. मग कंटाळून लोक त्याला तलावात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत त्याने मच्छीमारांच्या नाकी नऊ आणलेत. म्हणून कधीही, कुठेही सोडू नका! शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या. तो चार-पाच इंचांवर थांबतो, आणि नराच्या थोबाडावर झुडपासारख्या मिशा येतात. अंडी कोण राखतं? बाबा!

बोर्डावर नाव नाही, नंबर आहे
सकरच्या कुळात इतक्या जाती सापडत गेल्या की शास्त्रीय नाव ठेवेपर्यंत दम धरवेना. १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने नंबर द्यायला सुरुवात केली. एल-१, एल-२... गाडी अजून सुरूच!

या दोघांना लांब ठेवा
चायनीज अल्गी ईटर लहानपणी शेवाळ खातो. मोठेपणी एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर ओरबाडतो. रेड टेल शार्क? शार्क नाही, कार्पच्या कुळातला! तळाचा ताबा घेतो आणि इतरांना पिटाळतो. थायलंडच्या नद्यांत तो जवळजवळ संपलाय, दुकानातले मात्र फार्ममध्ये वाढवलेले असतात.

पाण्यातली कोकिळा
टांगानिका सरोवरातला कुकू कॅटफिश आपली अंडी सिक्लिड मादीच्या अंड्यांत मिसळतो. ती बिचारी सगळी तोंडात घेऊन उबवते. कॅटफिशची पिल्लं आधी फुटतात आणि तिचीच अंडी फस्त करतात!

पोट वर, पाठ खाली
कॉंगोचा अपसाइड डाउन कॅटफिश उलटाच पोहतो. म्हणून त्याचं पोट पाठीपेक्षा गडद! स्वभावाने सज्जन, दोस्तांसोबत खूश.

झटपट मेन्यू
दोन फुटी टँक: सहा पांडा कोरी, तळ फुल्ल. तीन फुटी टँक: आठ कोरी, सहा कुली आणि एक ब्रिसलनोज. दोन्हीकडे तळाला बसणाऱ्या गोळ्या रात्री हव्यातच, वरच्यांचं उष्टं यांना पुरत नाही. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: ‘हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’

रेडी? मग आज टँकचं माप घ्या, दुकानात उद्या जा!