माझगावची इस्रायली शाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत मूल चार वर्षांचे झाले की एक प्रश्न हमखास येतो. घालायचे कुठल्या शाळेत? आजी मराठीतून गोष्टी सांगते, शेजारची अक्का कन्नडमधून हाक मारते आणि बाबांच्या डोक्यात इंग्रजी मीडियम असते. हा तिढा आपल्याच वाट्याला आला आहे, असे आपल्याला वाटते. पण मुंबईतल्या एका चिमुकल्या मराठी समाजापुढे तो फार पूर्वी, आणि अधिक अवघड रूपात उभा राहिला होता. त्यांनी स्वतःची शाळा काढली. त्या शाळेला २०२५ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने तिची हकीकत वाचकांसमोर ठेवतो आहे.

हा समाज म्हणजे बेने इस्रायल, आपले कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, असे ते परंपरेने सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावे पाहिली तर तुम्हाआम्हाला परकी वाटणारच नाहीत: किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. आपल्याकडे हुबळीकर, निपाणीकर असतात तशीच. नाव मात्र सॅम्युअल किंवा रिबेका.

घरची भाषा मराठी, पेहराव मराठी, स्वयंपाकात नारळ. त्यांच्यात मलिदा नावाचा विधी असतो. आपल्याकडे उरुसाला चपाती कुस्करून गूळ घालून करतात तो मलिदा वेगळा. त्यांचा मलिदा गोड पोह्यांचा, खोबरे आणि फळे घातलेला, आणि तो एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने. हे सगळे टिकले, पण एक गोष्ट निसटली होती, ती म्हणजे प्रार्थनेची भाषा. शतकानुशतके कोकणात एकटे राहिल्याने हिब्रू जवळजवळ विसरली गेली. पाठ राहिली ती एखादी मुख्य प्रार्थना. मुंबईत १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा तिथे प्रार्थना चालवायला कोचीनच्या ज्यूंची मदत घ्यावी लागे. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव याच प्रार्थनास्थळावरून आले, असे म्हणतात.

मग हिब्रू पुन्हा शिकवली कोणी? उत्तर थोडे चमत्कारिक आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी! एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायल मुले होती आणि त्यांतले काही जण तिथेच मास्तरही झाले. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, धर्मांतराचा. बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला, बाटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या पिढ्यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठी अर्थासह काढली. त्यांच्या वल्हांडण सणाला घरी वाचायचे पुस्तक असते. त्याची हिब्रू-मराठी आवृत्ती मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली निघाली. एवढेच काय, १८८० साली अब्राहम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनेही सुरू झाली.

तरी दुसऱ्याच्या शाळेत आपले मूल किती दिवस पाठवायचे, ही बोच होतीच. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी ती मनावर घेतली. शिक्षणप्रसारासाठी त्यांनी १८५३ सालीच एक मंडळी उभारली होती. १८७५ साली त्यांनी मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने वार्षिक मदत दिली. सुरुवात प्राथमिक वर्गांची, पुढे तिचे हायस्कूल झाले. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तिन्ही भाषा तिथे शिकवल्या जात. मराठी घरची, इंग्रजी पोटापाण्याची, हिब्रू सिनेगॉगमधली. यातल्या एकीसाठी दुसरीला दाराबाहेर ठेवायचे त्यांच्या मनात आले नाही, हे मला विशेष वाटते. हिब्रूचे मुद्दाम वर्ग घेतले ते ती मोठी भाषा आहे म्हणून नव्हे. मुंबईच्या रस्त्यावर ती कानावर पडणार नव्हती म्हणून. रस्त्यावर न मिळणाऱ्या भाषेलाच शाळा लागते. आमच्या कॉलेजात बोलायला मराठी आणि कन्नड दोन्ही फर्डे येणारी, पण अर्ज कुठल्याच भाषेत धड न लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहतो, तेव्हा केहिमकरांच्या वेळापत्रकाची आठवण येते.

या शाळेला मिळालेला सर्वांत मोठा मान मात्र इमारतीचा किंवा निकालाचा नाही, एका बाईंचा आहे. रिबेका रूबेन. आपल्या वाचकांना ऐकून आनंद होईल की त्यांचा जन्म १८८९ साली शिमोग्याला, म्हणजे आजच्या शिवमोग्ग्याला झाला. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. १९०५ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. मुलींत पहिल्या नव्हे, सगळ्यांत पहिल्या! मुलींना शाळेत घालावे की नाही यावर घरोघरी वाद चालू असण्याचा तो काळ. पुढे त्या इंग्लंडला जाऊन शिकून आल्या आणि १९२२ साली इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी ती खुर्ची सांभाळली. त्यांनी समाजाचे वार्षिक अंक संपादित केले, मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. कन्नड मुलखात जन्मलेल्या, मराठी घरातल्या, हिब्रूच्या अभ्यासक अशा या बाई. सीमाभागातल्या शाळांच्या भिंतींवर थोरांच्या तसबिरी असतात, त्यांत हीही एक असायला काय हरकत आहे?

त्यांच्याच कारकिर्दीत, १९३० च्या दशकात, शाळेला सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि तिचे नाव सर एली कदूरी हायस्कूल झाले. कदूरी मूळचे बगदादचे, नशीब काढले हाँगकाँग आणि शांघायमध्ये. या कुटुंबाला शाळांचा नादच होता म्हणायचा. शांघायला हिटलरच्या तडाख्यातून पळून आलेल्या निर्वासित मुलांसाठी एली यांचे चिरंजीव होरेस यांनी १९३९ साली शाळा काढली. माझगावची मराठी मुले आणि शांघायची जर्मन मुले एकाच घराण्याच्या देणगीवर अक्षरे गिरवत होती.

सगळे पालक आपल्याच शाळेला धरून राहिले असे मात्र नाही. कवी निस्सीम इझिकेल यांच्या आई मुंबईत स्वतःची शाळा चालवत, वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आणि निस्सीम शिकले अँटोनिओ डिसूझा या इंग्रजी शाळेत. मास्तरांच्या घरची मुले दुसऱ्या शाळेत, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

खरा घाव १९४८ नंतरचा. इस्रायल देश झाला तेव्हा भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य निघून गेले. कोणी छळले म्हणून नव्हे; या देशात त्यांना कोणी छळले नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यू उरले साडेचार हजारांच्या थोडे वर, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. शाळेच्या हजेरीपटावरची केहिमकर, पेणकर ही नावे कमी होत गेली. त्या जागी आसपासच्या वस्तीतली मुले आली, त्यांत मुसलमान मुले पुष्कळ. आज तिथे ज्यू विद्यार्थी जवळजवळ नाहीत. कोलकात्याच्या १८८१ सालच्या ज्युईश गर्ल्स स्कूलचेही असेच झाले: नाव ज्यू, बाके मुसलमान मुलींनी भरलेली. जगात या दोन धर्मांच्या नावाने काय काय चालते ते आपण टीव्हीवर पाहतो. इथे घंटा वाजते आणि मुली वर्गात जातात.

याच्या शेजारी सुरत ठेवून पाहावी. मुंबईआधी ज्यू व्यापाऱ्यांचे मोठे ठाणे सुरत. अठराव्या शतकात बगदाद, बसरा, अलेप्पोकडून माणसे तिथे उतरली; त्यांतलेच शालोम कोहेन १७९८ साली कोलकात्याला गेले आणि तिथल्या ज्यू वसाहतीचे मूळपुरुष ठरले. व्यापार हलला तशी वस्ती हलली. सुरतेत मागे राहिली ती दफनभूमी आणि तिच्यातले हिब्रू शिलालेख. माझगावात मागे राहिली ती चालती शाळा. दोन्ही ठिकाणचे लोक गेलेच, पण शाळा मागे ठेवून जाणे वेगळे.

गेलेल्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अश्दोद, लोद, दिमोना अशा गावांत बेने इस्रायल वस्त्या आहेत. ज्या हिब्रूसाठी केहिमकरांनी वर्ग घेतले, ती तिथल्या नातवंडांना दूधवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळीकडे फुकट मिळते. आता मराठीला रस्ता नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथल्या मंडळींनी १९८० च्या दशकात सुरू केले ते याच काळजीने. आजीला ते वाचता येते. नातवाला आजी बोलते ते थोडेफार कळते, देवनागरी मात्र वाचता येत नाही. मुंबईत मराठी भिंतीसारखी आपोआप उभी होती, तिच्यासाठी वेगळी शाळा काढायचे कोणाला कशाला सुचेल?

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आणि २०१८ साली गुजरातनेही. त्यामुळे संविधानाच्या तिसाव्या कलमाखाली स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवणे त्यांना सोपे झाले. समाजाची मुले बहुतेक निघून गेल्यावर हा हक्क पदरात पडला, याला दैवदुर्विलास म्हणा. हेच तिसावे कलम धर्माबरोबर भाषेच्या अल्पसंख्याकांनाही लागू आहे. बेळगावातल्या मराठी शाळांना तेच, आणि सोलापूर, अक्कलकोट, जतकडच्या कन्नड शाळांनाही तेच. आपल्याकडे अजून मुले आहेत. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू होतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या या शाळांचे पट एकदा पाहून यावेत.