जनान्याच्या उंबरठ्यावरील तपास

खून कोठे झाला हा प्रश्न रहस्यकथेत फार काळ केवळ नकाशापुरता राहिला. बंगला, बंद खोली किंवा आगगाडीचा डबा एवढे सांगितले की स्थळाविषयीचे लेखकाचे कर्तव्य संपे, आणि शोधकर्ता बहुधा पुरुष असल्यामुळे त्याला कोणत्याही दारातून आत जाण्याची मुभा गृहीतच असे. पी. डी. जेम्स यांनी १९७२ मध्ये कॉर्डिलिया ग्रे आणि सारा पॅरेट्स्की यांनी १९८२ मध्ये शिकागोची व्ही. आय. वॉर्शॉस्की या स्त्रियांकडे तपास सोपवून त्या गृहीताला धक्का दिला. परंतु आपल्याला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे सुजाता मॅसी यांची २०१८ मधील ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही इंग्रजी कादंबरी.

१९२१ च्या मुंबईत वडिलांच्या पेढीत काम करणारी परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी सॉलिसिटर आहे खरी, पण न्यायासनापुढे उभे राहण्याची तिला परवानगी नाही. करारनामे आणि मृत्युपत्रे हेच तिचे कार्यक्षेत्र. एका मृत गिरणीमालकाच्या तीन विधवा आपल्या हक्काची मिळकत वक्फाला देऊ इच्छितात, असे पत्र त्या घराच्या मुखत्याराकडून येते, आणि आपण काय लिहून देत आहोत याची या पडदानशीन स्त्रियांना जाणीव तरी आहे काय, अशी शंका परवीनला येते. पुढे मुखत्याराचाच खून होतो. फौजदाराला ज्यांची जबानी समोरासमोर घेता येत नाही, त्यांच्याजवळ परवीन निःसंकोच जाऊन बसते. ज्या स्त्रीत्वाने तिला कोर्टाच्या दारात अडविले, तेच तिला जनान्याचा परवाना देते. विधवांना मुखत्याराच्या मुठीत ठेवणारी भिंत आता सरकारी तपासालाही बाहेर थोपविते.

या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, तरी वकिलीची सनद त्यांना कित्येक वर्षे दुर्लभ राहिली. १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतीची प्रकरणे हाताळली. स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ साली झाला.

कादंबरीतील परवीनच्या कलकत्त्यातील पूर्वीच्या वैवाहिक आयुष्याची प्रकरणे तपासाची गती खंडित करतात, अशी तक्रार करता येईल. मला मात्र तीच अधिक मोलाची वाटतात. कारण मासिक पाळीच्या दिवसांत सासरच्या कोंदट खोलीत कोंडली गेलेली स्त्री पुढे जनान्यात पाऊल टाकते, तेव्हा ती कुतूहलापोटी आलेली पाहुणी राहत नाही, आणि पारशी घरे म्हणजे सुधारणेचे माहेरघर हा आपला भाबडा समजही तेथे गळून पडतो.

बाबूराव अर्नाळकरांपासून मराठी रहस्यकथेने मुंबईच्या गल्ल्या पुष्कळ पालथ्या घातल्या. वाड्यातील माजघर आणि सोवळ्या विधवेची मिळकत यांकडे तिचे लक्ष क्वचितच गेले. दत्तकपत्रे आणि वाटणीपत्रे यांनी भरलेली दप्तरे आपल्याकडे उदंड आहेत. एखाद्या मराठी लेखिकेने ती आता उघडावीत.