ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यायचा? उत्तर भागाभागात वेगळं का येतं

नाशिक : ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की घरात पहिला वाद कंपनीवरून होतो. पंजाबात स्वराज आणि सोनालिकाचं नाव पुढे येतं, तमिळनाडूत मॅसी फर्ग्युसनचं, तर महाराष्ट्रात बऱ्याच भागात महिंद्रा आणि जॉन डिअर ही नावं आधी निघतात. ही आवड नुसती रंगाची किंवा जाहिरातीची नाही. कारखाना कुठं आहे, मिस्त्री कुठं मिळतो, जमीन कशी आहे आणि ट्रॅक्टरकडून काम कोणतं करून घ्यायचंय, यावर ती वर्षानुवर्षं ठरत गेली आहे. पाच-सात वर्षं हप्ते फेडायचे असतील, तर ही कारणं माहीत असलेली बरी.

कारखाना जवळ, तर नाव ओळखीचं

स्वराजचं उत्पादन १९७४ साली मोहालीत सुरू झालं. या ट्रॅक्टरचा मूळ आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला होता. हरितक्रांतीनं पंजाबात ट्रॅक्टरची गरज वाढवली होती, त्यामुळे घरचा ट्रॅक्टर म्हणून स्वराज तिथं रुजला. सोनालिकाही पंजाबातलीच, होशियारपूरची. मॅसी फर्ग्युसन बनवणारी टॅफे ही कंपनी १९६० पासून चेन्नईची. महिंद्रानं १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत मुंबईतून सुरुवात केली आणि पुढे नागपुरातही कारखाना झाला. जॉन डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीत आहे.

कारखाना जवळ असला की डीलर आधी उभे राहतात. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळू लागतात. गावातल्या मिस्त्रींचा हात त्याच इंजिनवर बसतो, ड्रायव्हरला त्याच गिअरची सवय होते. मग शेजाऱ्याचं बघून शेजारी घेतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला आणि पार्टसाठी चार दिवस थांबावं लागलं, तर वाफसा निघून जातो. म्हणून ‘पार्ट कुठं मिळतो?’ हा प्रश्न शेतकरी किमतीच्याही आधी विचारतो.

ही पसंती किती घट्ट असते, ते कंपन्यांनाही ठाऊक आहे. टॅफेनं २००५ साली आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय घेतला, महिंद्रानं २००७ साली स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स ताब्यात घेतली. पण आयशर आणि स्वराज ही दोन्ही नावं आजही बाजारात वेगळीच ठेवलेली आहेत. पारावर महिंद्रा भारी की स्वराज, असा वाद रंगतो तेव्हा दोन्हींचा मालक एकच असतो!

एका जिल्ह्यात तीन तऱ्हा

जमीन आणि पीक बदललं की ट्रॅक्टरही बदलावा लागतो. हे समजायला नाशिक जिल्हा पुरेसा आहे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत पाऊस जास्त आणि भाताची खाचरं लहान. इथं चिखलणी करताना जड ट्रॅक्टर रुततो. हलका ट्रॅक्टर आणि त्याला लोखंडी केज व्हील, किंवा अगदी लहान खाचरात पॉवर टिलर, असंच काम भागतं.

दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधलं अंतर साधारण ९ ते १० फूट असतं आणि वर मांडव. तिथं फवारणीचा ब्लोअर ओढायला बुटका, अरुंद ट्रॅक्टर लागतो. सायलेन्सर वर उभा असेल तर तो वेलींना अडतो, म्हणून बागेतल्या मॉडेलमध्ये तो खाली घेतलेला असतो. बागायतदार त्यामुळे कंपनीच्या आधी रुंदी आणि उंची विचारतात.

गोदाकाठच्या काळ्या जमिनीत मात्र उन्हाळी नांगरटीला पल्टी नांगर ओढायचा, तर ताकद आणि वजन दोन्ही लागतं. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर इथं उपयोगी पडतो. तोच पुढे कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला जातो, तेव्हा ब्रेकची परीक्षा होते. काही घरांत म्हणूनच बागेसाठी छोटा आणि नांगरटीसाठी मोठा, असे दोन ट्रॅक्टर दिसतात.

जुना विकायचा तेव्हा

ज्या भागात जो ब्रँड चालतो, त्याच ब्रँडच्या जुन्या ट्रॅक्टरला तिथं लवकर गिऱ्हाईक मिळतं. कर्ज देणारेही हे पाहतात. त्यामुळे वेगळ्या कंपनीचं मॉडेल कितीही चांगलं असलं, तरी गावात पहिल्यांदा ते घेणाऱ्याच्या अंगावर धोका जास्त येतो.

घेण्याआधी काय बघावं?

• जाहिरातीत इंजिनचा एचपी मोठ्या अक्षरात असतो. रोटाव्हेटर किंवा ब्लोअर चालतो तो पीटीओच्या ताकदीवर आणि ती इंजिनपेक्षा कमी असते. पीटीओ एचपी किती, हे आधी विचारावं.

• मध्य प्रदेशातील बुधनी इथली केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि हायड्रॉलिकची उचल दिलेली असते. डीलरकडे हा अहवाल मागावा.

• शोरूम कितीही चकाचक असो, सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि तिथं क्लच प्लेट, फिल्टर यांसारखे भाग लगेच मिळतात का, हे स्वतः जाऊन बघावं.

• हप्ते दर महिन्याचे की सहामाही, हे पिकाचा पैसा कधी हातात येतो त्यावरून ठरवावं.

• २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये कराचा आकडा तपासून घ्यावा.

• शक्य असेल तर ट्रॅक्टर स्वतःच्या रानात, स्वतःच्या अवजाराला जोडून चालवून बघावा.

पाहुण्यांच्या गावात जो ट्रॅक्टर दहा वर्षं बिनतक्रार चालला, तो आपल्या रानात तसाच चालेल याची खात्री नसते. त्यांची माती वेगळी, पीक वेगळं आणि मिस्त्रीही त्यांच्याच गावात असतो.